वीस मिनिटं सर्व्हर बंद

हैदराबाद शहरात गेल्या पंचवीस वर्षांत जेवढी माणसं बिनकामाची ताटकळली असतील, त्यातली निम्मी माझ्या साडूनं ताटकळवली. उरलेल्या निम्म्यांचं खापर सरकारवर फोडायला माझी हरकत नाही, पण साडूचा वाटा साडूला दिलाच पाहिजे. तो दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरात खिडकीवर बसतो. डॉक्टर-इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांचे आईबाप त्या खिडकीपुढे येतात. कुणाला हॉलतिकीट पाहिजे असतं, कुणाला बॅच बदलून पाहिजे असते, कुणाला आपलं पोरगं वर्गात तरी येतं का, एवढंच विचारायचं असतं. रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा साडू खिडकीतून मान बाहेर काढतो आणि म्हणतो, "सर्व्हर डाउन है. बीस मिनट. बैठ जाओ अम्मा, खडे नक्को रहो." लोक बसतात. समोर लोखंडी बाकं आहेत, वर पंखा आहे. मग साडू खिडकीमागे मान घालून त्या बसलेल्या लोकांची चित्रं काढतो. मधूनच कुणीतरी ओरडतं, "क्या मियाँ, आया क्या सर्व्हर?" हा वर न बघता म्हणतो, "आरा, आरा." साडेअकराला तास बदलल्याची घंटा होते. ती घंटा वाजवायचं कामही त्याच्याकडेच आहे. घंटा वाजवली की सर्व्हर चालू होतो.

सर्व्हरला काही झालेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको. तो मागच्या खोलीत घूं घूं करत बसलेला असतो. पण मालकाला हे कधीच कळलं नाही. त्यानं इंजिनिअर बोलावला. इंजिनिअरनं दिवसभर बसून तपासलं आणि लिहून दिलं, की मशीन चांगलं आहे, परंतु अकराच्या पुढं त्याच्यावर ताण येत असावा. मालकानं नवा सर्व्हर आणला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नवा सर्व्हर पण अकरा दहाला बंद पडला. मग मालकानं एक वास्तुवाला आणला. त्यानं सर्व्हरचं तोंड उत्तरेला करायला सांगितलं. साडूनं त्या वास्तुवाल्याचं चित्र काढलं, कारण तो होकायंत्र हातात धरून बराच वेळ हलला नाही. मी एकदा साडूला म्हणालो, "अरे, पाप लागंल तुला. लोकं कामंधामं सोडून येतात." तर मलाच म्हणतो, "अण्णा, मी त्यांना पंख्याखाली बसवतो. ही बाई इथून सुटली की घरी जाऊन भांडी घासणार. वीस मिनिटं तिला कुणी बसू देतं का?" हे उत्तर मला पटलं नाही, पण त्याला स्वतःला ते फार पटलेलं होतं, आणि त्याच्यावर त्याचं ठीक चाललं होतं.

मी स्वतः वर्कशॉपात लेथ मशीनवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. शाळा सातवीत सुटली. चित्रातलं मला काही कळत नाही, मला माप कळतं. पण माप कळतं म्हणूनच सांगतो, या माणसाचा हात मापाचा आहे. हातानं गोल काढला तर कंपास लावून बघा, केसभर फरक नाही. मात्र हा गोल तो कशावर काढील याचा नेम नाही. चांगला कागद त्यानं जन्मात विकत घेतला नाही. सेंटरात पोरांच्या सराव परीक्षा होतात, त्याच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका रद्दीत जातात. तिथून तो त्या उचलतो. त्यामुळे त्याच्या सगळ्या चित्रांना पुढून माणूस आणि मागून प्रश्न. माझं एक चित्र त्यानं काढून दिलं होतं, त्याच्या मागं काय लिहिलंय ते नातवाकडून वाचून घेतलं, तर सगळे घर्षणाचे प्रश्न. आमची ही म्हणाली, "तुमच्यासाठी बरोबर पान निवडलंय त्यांनी."

त्या चित्रात मला डावा कान नाही. डावा हात पण नाही. याचं कारण, मी बसलो होतो आमच्या स्वैपाकघराच्या दारात, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. साडू उठला. त्याचा नियमच तसा. ऑफिसात घंटा, बसस्टॉपवर बस, कुणाच्या घरी कुकर. जे वाजेल त्याला पेन्सिल खाली. मी म्हणालो, "अरे, कान तर लाव." म्हणाला, "वेळ संपली अण्णा." "मग उद्या लाव." "उद्या तुम्ही असे बसणार नाही." "तुझ्या ध्यानात राहील की माझा कान. वीस वर्षं बघालास." त्यानं मान हलवली. "आठवणीतून मला येत नाही. माणूस समोर लागतं." आणि ते खरंय. समोरचं माणूस उठून गेलं की त्याला त्या माणसाचं नाक कुठल्या बाजूला होतं ते सांगता येत नाही. त्याच्या घरी, विद्यानगरला, दोन पत्र्याच्या पेट्या भरून अर्धी माणसं आहेत. कुणाला पाय नाहीत, कुणाला खांद्याखाली काही नाही, एका बाईची तर नुसती पिशवी आहे आणि पिशवी धरलेली बोटं. बाईचं काम लवकर झालं होतं. सेंटरात त्या दिवशी सर्व्हर खरोखरच बंद होता आणि तो साडूला न विचारता मध्येच चालू झाला.

आता नोकरी सांभाळून हे सगळं करायचं म्हणजे वेळ चोरावी लागते, आणि वेळ चोरण्यात माझ्या साडूएवढा सराईत माणूस मी पाहिला नाही. पगार घेणाऱ्या माणसानं कधीही उशिरा जायचं नाही आणि लवकर निघायचं नाही, ही त्याची शपथ. मग उरते मधली वेळ. लग्नाचं आमंत्रण आलं तर पत्रिकेवर छापलेल्या वेळेला फंक्शन हॉलवर पोचणारा हैदराबादेत हा एकटाच माणूस. तिथं तेव्हा नवरानवरी तर सोडाच, खुर्च्याही मांडलेल्या नसतात. पण एकदोन म्हातारे चुकून वेळेवर आलेले असतात, आणि ते याला पुरतात. दवाखाना असो, बँक असो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असो, आपला नंबर आला की हा मागच्या माणसाला म्हणतो, "आप जाओ, मेरेकू जल्दी नै." लोक त्याला फार सज्जन समजतात. अलीकडे मात्र त्याची एक तक्रार होती. बसलेलं प्रत्येक माणूस मोबाईलमध्ये बघतं. "अण्णा, तोंडं गेली," म्हणायचा, "आता नुसत्या टाळू उरल्या." एक वर्षभर त्यानं भांग, टकलं आणि वेण्यांचे बुडखेच काढले. त्यात पण त्याचा हात बसला.

सगळ्यात मोठी चोरी त्यानं घरातच केली. लग्न झाल्यावर त्यानं माझ्या मेव्हणीला सांगितलं, की ऑफिस नऊला उघडतं. ते उघडतं दहाला. बारा वर्षं ती बिचारी सकाळी उठून सात-साडेसातला याचा डबा करत होती. तेराव्या वर्षी काहीतरी काम निघालं म्हणून तिनं सव्वानऊला ऑफिसला फोन लावला, तर वॉचमन म्हणाला, "अभी तो ताला है अम्मा, दस बजे आतें सब." मेव्हणी रिक्षा करून आमच्याकडे मलकपेठेत आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "दाजी, यांचं बाहेर कुठंतरी आहे." मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं नवलही वाटलं, कारण साडूकडे बघून कुठल्या बाईला काही वाटेल असं मला वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढून त्याच्या मागावर गेलो. बसमधून हा मधल्याच एका स्टॉपवर उतरला, आणि तिथं फुटपाथवर सीताफळं घेऊन बसणाऱ्या एका अव्वापुढं उकिडवा बसला. अव्वा सत्तरीची असेल. ती फळं मांडत होती, हा तिला काढत होता. पाऊण तास. मधे अव्वानं त्याच्याकडे न बघता दोनदा शिव्या दिल्या, त्या तेलुगूत होत्या. संध्याकाळी मेव्हणीनं विचारलं, "दाजी, खरंय का? बाई आहे का?" मी म्हणालो, "आहे. सीताफळं विकते." दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मेव्हणी स्वतः जाऊन अव्वाला बघून आली आणि येताना चार सीताफळं घेऊन आली. त्यानंतर तिनं एवढंच केलं, की डबा साडेआठला द्यायला लागली. साडूची अर्धी चोरी पकडली गेली, अर्धी मंजूर झाली.

आमच्या घरात त्याच्या या छंदाला मोल होतं ते फक्त हिला. माझ्या बायकोला. साडू तिला अक्का म्हणायचा. ती शिकलेली माझ्याहून कमी, पण त्याचं प्रत्येक चित्र हातात घेऊन आधी पुढून आणि मग मागून बघायची, आणि मग एक वाक्य बोलायची. "याचं पोट दुखतंय." "ही घरी भांडून आलीय." साडू म्हणायचा, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणायची, "तुम्हीच काढलंय की." एकदा आमच्या दारात कोथिंबीरवाला आला. साडू ओट्यावर बसला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग साडूच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं, आणि एका जुडीसाठी अशी काही घासाघीस सुरू केली, की मी घरात निघून गेलो. मला लाज वाटली. जुडी पिवळी आहे म्हणाली, बारीक आहे म्हणाली, मुळं ओली आहेत म्हणाली, त्याच्या बायकोची चौकशी केली, परत जुडीवर आली. तो माणूस शेवटी टोपलं खाली ठेवून कपाळाला हात लावून बसला. तेच साडूला पाहिजे होतं. चित्र झाल्यावर हिनं तो सांगत होता त्या भावात दोन जुड्या घेतल्या. तो गेल्यावर म्हणाली, "आज पाय पण आले का?" आले होते. साडूच्या पेट्यांमधली पायासकट माणसं मोजली तर बहुतेक सगळी आमच्या दारातली निघतील.

आपल्याला वाटतं, नोकरी आडवी येते, रिटायर झाल्यावर निवांत काढावं. मी त्याला तसं म्हणायचो. एकदा त्यानं माझं ऐकलं. साठलेली रजा घेतली, महिनाभर. मेव्हणीनं हौसेनं पांढरा जाड कागद आणला, रंग आणले, खिडकीजवळ टेबल लावून दिलं. पहिल्या दिवशी तो टेबलापुढं बसला. दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या दिवशी मेव्हणी सांगते, की त्यानं अकरा दहाला आपणहून "सर्व्हर डाउन है" असं म्हणून बघितलं. समोर भिंत होती. चौथ्या दिवशी तो घराबाहेर पडला आणि ज्या बँकेत त्याचं खातं नाही, त्या बँकेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आठवड्यानं उरलेली रजा परत करून कामावर गेला. मी विचारलं, "का रे, वेळ मिळाली होती की सगळी." म्हणाला, "अण्णा, कुणीतरी बोलावंल, काहीतरी वाजंल, ही भीती असली तर हात चालतो. मोकळ्या वेळेत मला झोप येते." मेव्हणीनं तो पांढरा कागद कपाटात अंथरायला घेतला.

आता जे सांगायचंय ते मला नीट सांगता येणार नाही, पण सांगतो. मागच्या वर्षी ही आजारी पडली. पोटाचं दुखणं. दवाखान्यात खोली घेतली होती. पोरगा आणि सून बंगळूरहून येऊन-जाऊन होते, बाकी मीच. साडू रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. दिलसुखनगरहून येणं, जाणं, यातच सुट्टी संपायची. दाराशी स्टूल होतं, तिथं दहा मिनिटं बसायचा आणि जायचा. डबा कधी खायचा, त्यालाच माहीत. त्या दिवशी हिचे केस फार गुंतले होते. नर्स म्हणाली, कापून टाकूया का. हिनं केसांवर हात ठेवला. मी म्हणालो, मी विंचरतो. तिला खिडकीकडे तोंड करून बसतं केलं, कुशीला उशी लावली आणि मागे बसून तिची वेणी घालायला लागलो. माझ्या हातांनी चाळीस वर्षं लोखंड कापलंय. केस मी कधी धरले नव्हते. धरावे लागले नव्हते. वेणी राहीना. मी घालत होतो, ती सुटत होती. आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, दुखालंय हिला. मी दुखवालोय. रडालीय ही, अन् आवाज दाबालीय माझ्यासाठी. मला ते बघवलं नाही म्हणून मान वळवली, तर दाराशी साडू. मांडीवर प्रश्नपत्रिका आणि हातात पेन्सिल.

मी उठलो. म्हणालो, "माणूस जायलंय इथं, अन् तुला चित्र सुचालंय? तुला काय, रोजचंच आहे. लोकांच्या मढ्यावर बसून काढ." त्याच्या मांडीवरचा कागद ओढला, चुरगाळला आणि कापूस टाकायचा पिवळा डबा असतो, त्यात टाकला. बघितला नाही. त्यानं पेन्सिल खिशात ठेवली, अक्काकडे एकदा बघितलं आणि गेला. चौथ्या दिवशी ही गेली.

साडूनं सगळं केलं. गाडी त्यानं आणली, लाकडं त्यानं बघितली, तेरा दिवस पाहुण्यांचं त्यानं बघितलं. माझ्याशी बोलला, रुसला नाही. त्या कागदाचा विषय मात्र मी काढला नाही. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, ही काही फुशारकी नाही, मला जमत नाही. एक गोष्ट मात्र मी केली होती. त्या दिवशी संध्याकाळी मी तो पिवळा डबा उघडला. रिकामा होता, नवी पिशवी लावली होती. झाडणारी बाई म्हणाली, "क्या ढूंढ रें अंकल?" मी म्हणालो, "कुछ नै."

वर्षश्राद्धाला दोन महिने उरले असताना मेव्हणी आली. इकडचं तिकडचं बोलली, मला भाजी करून ठेवली, आणि जाताना दारात उभी राहून म्हणाली, "दाजी, ते आता साडेनऊला निघतात. थेट ऑफिसला. संध्याकाळी वेळेवर घरी. टीव्ही बघतात." मी म्हणालो, "मग चांगलंय की." तिनं माझ्याकडे असं बघितलं, की तिची बहीणच बघतेय असं मला वाटलं. "पेट्यांवर गाद्या ठेवल्यात त्यांनी," म्हणाली. "अक्का गेल्यापासून एक रेघ नाही. मी बोलून बघितलं, माझं ऐकंनात. कुणामुळं सुटलं, ते मला त्यांनी सांगितलेलं नाही." पण तिला माहीत होतं. मेव्हण्यांना सगळं माहीत असतं.

मी दुसऱ्या दिवशी सेंटरात गेलो. अकराला जाऊन बाकावर बसलो. अकरा दहा झाले, अकरा पंधरा झाले, सर्व्हर चालूच. खिडकीपुढची रांग अशी सरकत होती, की बसायची कुणाला गरजच पडत नव्हती. भिंतीवर साडूचा फोटो लावला होता, उत्तम कर्मचारी म्हणून, खांद्यावर शाल. मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा त्यानं वर न बघता विचारलं, "नाम?" मी म्हणालो, "मी आहे."

"अण्णा! तुम्ही कसे काय? बरं नाही का?"

"बराय. सर्व्हर चालू आहे का?"

त्यानं समोरचा फॉर्म सरळ केला. मग म्हणाला, "चालू आहे."

"बंद कर की."

"नको अण्णा. तुम्ही बोललात ते खरं होतं. लोक अडकून पडलेले असतात अन् मी त्यांच्यावर हात साफ करून घ्यायचो. मला ते कधी तसं दिसलंच नव्हतं. तुम्ही दाखवलंत."

"मी काय दाखवतोय. मी रागात बोललो."

"रागात बोललात, पण खरं होतं."

मागनं एक बाई म्हणाली, "चच्चा, बातां घर में करो ना, मेरे बच्चे का पेपर है." तिचंही बरोबर होतं. मी बाजूला झालो. बसमध्ये बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मी या माणसाला जे बोललो ते त्यानं आणि मी, दोघांनीही दहा महिने जपून ठेवलं, आणि ते खरं आहे की खोटं हे ठरवायला ज्या कागदाकडे बघायला पाहिजे होतं, तो मी न बघता फेकला होता. मी सरळ बोलतो, असं लोक म्हणतात. ते अर्धंच आहे. मला दुसऱ्याच्या चुकीबद्दल सरळ बोलता येतं.

संध्याकाळी फोन केला. म्हणालो, "उद्या ऑफिसला जाताना ये. काम आहे." तो सव्वानऊला आला. पाण्याचा तांब्या घेतला, बसला, म्हणाला, "काय काम होतं अण्णा? गिझर का?"

मी म्हणालो, "त्या कागदावर काय होतं?"

कुठला कागद, असं त्यानं विचारलं नाही. तांब्या खाली ठेवला. "अर्धंच झालं होतं."

"अर्धं काय होतं?"

"तुमचे हात होते," म्हणाला. "अक्कांचं डोकं मागून, आणि तुमचे हात. तुम्हाला वेणी येत नव्हती, अण्णा. तीन पेड घ्यायला पाहिजेत, तुम्ही दोनच घेतले होते, अन् सुतळी वळतात तसं वळत होता. ते सुटायचं. तुम्ही परत वळायचा. परत सुटायचं. चार-पाचदा झालं तसं. शेवटी अक्कांना हसू आवरंना."

मी म्हणालो, "हसू?"

"खांदे हलत होते की."

"ती रडत होती. दुखत होतं तिला."

"नाही हो. मी दाराशी होतो, मला खिडकीच्या काचेत त्यांचं तोंड दिसत होतं. तुम्हाला कळू नये म्हणून ओठ दाबून धरले होते त्यांनी. काचेतनं माझ्याकडे बघितलं अन् डोळ्यांनी सांगितलं, काढा म्हणून. कोथिंबीरवाल्याच्या वेळी सांगितलं होतं तसंच. म्हणून मी घेतली पेन्सिल. नाहीतर दवाखान्यात मी काढतो का?"

हे त्यानं दहा महिने सांगितलं नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलं. म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत." मग म्हणाला, "अन् मला वाटलं, हसल्या म्हणून सांगितलं तर तुम्हाला आणखी राग येईल."

रस्त्यावरून दोन-तीन भाजीवाले ओरडत गेले. मी म्हणालो, "परत काढ ते."

"आठवणीतून मला येत नाही अण्णा. तुम्हाला माहीत आहे."

"हात तर इथंच आहेत," मी म्हणालो, आणि खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून बसलो, हात वर धरले. मला फार वेड्यासारखं वाटलं. मागे काही हालचाल नव्हती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्याच्या पिशवीत कागद नव्हता, महिने झाले त्यानं ठेवणं सोडलं होतं. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं. पेन्सिल माझीच घेतली, वर्कशॉपातली चपटी, तिला टोक करत बसला. घड्याळात दहाला दहा कमी होते. मी म्हणालो, "ऑफिसला उशीर होईल तुला." पंचवीस वर्षांत त्याला झालेला नव्हता.

"होऊ द्या," म्हणाला. "उजवा हात जरा खाली घ्या. अजून. हां. आता पीळ द्या."

"कशाला देऊ? केस कुठायत?"

"तुम्ही द्या. केसांचं मी बघतो."

मी हवेला पीळ देत बसलो. तो सुटायचा. मी परत द्यायचो.